इन्व्हरकार्नचा पालथा वाडगा

इन्व्हरकार्न, ऑन्टॅरिओ
१८ सप्टेंबर २०१६

चि. सौ. चित्रास अनेक आशीर्वाद.

घर लागलं एकदाचं. म्हणजे भांडी कपाटात गेली, देव खिडकीतल्या फळीवर बसले, आणि चहा करताना गाळणं शोधावं लागत नाही. बहात्तराव्या वर्षी मिसिसागातला लिफ्टवाला काँडो सोडून कोणी असल्या आडगावी एकटं राहायला जातं का, म्हणून तू आणि शशीभावजींनी मला वेड्यात काढलंत. काढा. तुझे थोरले दीर गेल्यापासून त्या अकराव्या मजल्यावर विमानं बघत बसण्यापलीकडे मला काही उद्योग नव्हता.

गाव मोठं मजेशीर आहे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडातल्या इन्व्हरकार्न नावाच्या नदीकाठच्या गावातून ही माणसं इथं आली आणि त्यांनी आठवून आठवून तेच गाव पुन्हा बांधलं. नदीचं नावही कार्नच ठेवलं. तिकडे चर्च नदीच्या वळणावर होतं म्हणून इकडेही वळणावरच, मग दर वसंतात तळघरात पाणी शिरलं तरी चालेल. तिकडची बाजारगल्ली अरुंद म्हणून इकडेही अरुंद. एवढा ऐसपैस देश पडलाय, आणि इथं समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला मागे जावं लागतं. माणसं काटकसरी आणि मितभाषी. माझी शेजारीण जीन मॅक्रे ऐंशीची आहे, पण वर्षभराचं बोलणं चार वाक्यांत उरकते. भेटवस्तूचा कागद घडी करून पुढच्या वाढदिवसाला ठेवते. आपल्या पेठांत सहज खपून जाईल.

एक गोष्ट मात्र निराळी. नदीकाठच्या सगळ्या घरांची पुढची दारं रस्त्याकडे नसून नदीकडे आहेत. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. ही माणसं इथं आली त्या पहिल्याच हिवाळ्यात, नदी गोठत असताना, पलीकडच्या काठावरून माणसं होड्यांनी येत होती. शेवटची होडी बर्फात सापडली. तिच्यातलं कोणी अलीकडे आलं नाही. त्यांचे दगड चर्चच्या मागे आहेत, पण त्यांवर ‘बुडाले’ किंवा ‘मेले’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘पलीकडे राहिले’ असं लिहिलंय. जीन म्हणते, दारं त्यांच्यासाठी नदीकडे ठेवली.

फोन घेतलेला नाही. घंटेचं माझं तुला ठाऊक आहे. पत्र लिही.

तुझी,
मंदाकिनी


मिसिसागा
२ ऑक्टोबर २०१६

ती. वहिनींस सा. न.

तुमचं पत्र ह्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. हे कागदाच्या घडीला हसले. मला हसू आलं नाही.

वहिनी, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, ती मी लिहिते. आपण जावा असलो तरी चव्वेचाळीस वर्षांत एकमेकींपासून काही झाकलं नाही, आता कशाला झाकायचं? आपला नंदन ह्याच गावात गेला. त्र्याण्णवच्या डिसेंबरात कॉलेजच्या मित्राकडे सुट्टीला म्हणून गेला आणि कार्न नदीच्या बर्फावर चालायला उतरला. तो सापडला नाही. फोन आला तेव्हा मीच तुमच्या शेजारी बसले होते. त्यानंतर ह्या गावाचं नाव तुम्ही कधी तोंडातून काढलं नाहीत, दादांनाही काढू दिलं नाहीत. आणि दादा गेल्यावर वर्षाच्या आत तिथंच, नदीकडे तोंड करून घर घेतलंत, आणि मला इतिहास सांगताय.

रागावलात तर रागवा. मी विचारणार. तिथं तुम्ही काय शोधताय?

दिवाळीला अनन्या तुम्हाला न्यायला येईल. नातीला हायवेवर गाडी चालवायची फार हौस आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
चित्रा


इन्व्हरकार्न
११ डिसेंबर २०१६

चि. सौ. चित्रास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला आले नाही म्हणून तू फुगली असशील. अनन्याबरोबर पाठवलेला चिवडा पोचला ना?

हो, त्याच्यासाठीच आले. तुम्ही सगळे ‘नंदन गेला’ म्हणता. बरोबरच आहे तुमचं. पण माझ्या हाती काही लागलं नाही ग, राखसुद्धा नाही. मग जिथं माणसं ‘पलीकडे राहिले’ असं म्हणतात, तिथं राहावंसं वाटलं. शोधत काहीच नव्हते. देवाशपथ सांगते, नव्हते.

आता गेल्या आठवड्यातली गंमत ऐक. नदी पूर्ण गोठली त्या संध्याकाळी जीन एक लाकडी वाडगा घेऊन दारात उभी. जुना, काळा, कडेला तासलेला. म्हणाली, “आइस इज सेट. पुट इट ऑन युअर स्टेप.” आणि वळून चालती झाली. मला वाटलं, ह्यांची काही रीत असेल शेजारधर्माची. पण रिकामं भांडं आपल्या दाराबाहेर कसं ठेवू? आईनं जन्मभर शिकवलं की कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी. बेसनाचे लाडू होते. चार ठेवले आणि वाडगा नदीकडच्या पायरीवर ठेवला.

सकाळी लाडू नव्हते. वाडगा धुतलेला होता, आणि आत मूठभर ओट्स होते. ओले, जुन्या पोत्यातले वाटावेत असे. मी खूश. जीनचे आभार मानायला गेले तर तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला काठाकाठानं चालवत नेलं आणि दाखवलं. प्रत्येक घराच्या पायरीवर असाच वाडगा होता, आणि प्रत्येक वाडगा पालथा. बर्फ धरला की गावभर असे पालथे वाडगे ठेवतात. आमच्याकडे द्यायला काही नाही, असं पलीकडच्यांना सांगण्यासाठी. मला हे सांगायचं तिच्याकडून राहिलं, कारण इथल्या कुणालाच कधी सांगावं लागलं नव्हतं.

“तुम्ही दिलंत की ते परत देतात,” जीन म्हणाली. “मग तुम्ही द्यायचं. ते संपत नाही. आज पालथा घाला, डिअर, अजून वेळ आहे.”

मी विचारलं, त्यांनी परत दिल्यावर आपण दिलं नाही तर? ती तिच्या पायरीकडे गेली आणि स्वतःचा वाडगा पालथाच आहे ना, ते चाचपून आली.

चित्रा, मी पालथा घातला नाही. ही माणसं आपल्यासारखीच निघाली ग. भांडं रिकामं पाठवत नाहीत.

तुझी,
मंदाकिनी


मिसिसागा
२० डिसेंबर २०१६

ती. वहिनींस सा. न.

लाडू रॅकूननं खाल्ले. इथल्या बॅकयार्डात तो कचऱ्याच्या डब्याची कडी उघडतो, त्याला लाडू काय जड आहेत? आणि ओट्स कुणा टवाळ पोरानं ठेवले असतील. अख्ख्या गावाला कळलं असणार की नवीन इंडियन बाई वाडगा भरून ठेवते. हे म्हणतात, “वहिनीला सांग, गावाला करमणूक झालीय तिची.”

हे झालं मला काय वाटतं ते. मला काय होतं ते वेगळं. पत्र वाचून झाल्यावर मी उगाचच ओट्यावरच्या सगळ्या वाट्या आत ठेवल्या.

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नऊ जानेवारीला आहे, त्यामुळे मला हलता येत नाही. अनन्याच्या परीक्षा आहेत. नाहीतर उद्याच येऊन तुम्हाला गाडीत घातलं असतं. तुम्हीच या. गावातून बस आहे ना? आणि तोपर्यंत एवढं ऐका, जीनबाई सांगतात तसं करा. त्यांच्या गावची रीत त्यांना जास्त कळते. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच नाही का मला पहिल्याच दिवशी बजावलंत, ‘घरची पद्धत आधी पाळ, मग तिच्यावर हस’ म्हणून?

तुमची,
चित्रा


इन्व्हरकार्न
१६ जानेवारी २०१७

चि. सौ. चित्रास अनेक आशीर्वाद.

भावजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, करमणूक दोन्हीकडून चाललीय.

रॅकून नाही. मी करंज्या ठेवल्या तेव्हा मातीची चिलीम आली. शंकरपाळे ठेवले तेव्हा शिवताना बोटात घालायची पितळी टोपी. साटोऱ्यांना एका लहान पोराचा बूट, कातडं दगडासारखं घट्ट झालेला. जे असेल ते देतात बिचारे. होडीत काय घेऊन निघाले असतील, तेच ना? वाडगा दर वेळी स्वच्छ धुतलेला असतो, आणि पाणी कडेला गोठलेलं. गावातले लोक आता माझ्या घराजवळून जाताना पलीकडच्या फुटपाथवर जातात. इथल्या वृद्धाश्रमात कामाला असलेला एक गुजराती मुलगा तेवढा येतो ग्रोसरी घेऊन. तोही रस्त्याकडूनच पिशवी देतो.

परवा संक्रांत झाली. गूळपोळ्या केल्या. नंदनला संक्रांतीला दुसरं काही लागायचं नाही, तुझ्या हातच्यासुद्धा चालायच्या, करपलेल्या असल्या तरी. वाडग्यात दोन ठेवल्या, वर तूप घातलं, आणि पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं, ‘ह्या माझ्या मुलासाठी आहेत. त्याला द्या.’

सकाळी वाडग्यात त्याचा चष्मा होता.

दुसरा कुणाचा असेल, असं म्हणशील. जाण्याआधी त्याची डावी काडी तुटली होती. नवा चष्मा येईपर्यंत म्हणून मीच ती तांब्याच्या तारेनं बांधून दिली होती, आणि टोक टोचू नये म्हणून मेणबत्तीचा थेंब टाकला होता. तार आहे. मेणही आहे. काचांना ओरखडासुद्धा नाही.

मी तो पुसला आणि देवांपाशी ठेवला. फार रडले. पण ते चांगलं रडणं होतं, तू घाबरू नकोस. तेवीस वर्षांनी मला कुणी काहीतरी दिलं.

तुझी,
मंदाकिनी


मिसिसागा
२२ जानेवारी २०१७

ती. वहिनींस सा. न.

पत्र ह्यांना दाखवलं नाही. पहिल्यांदाच असं केलं.

तारेचं मला आठवतं. मी तिथंच होते, तुम्ही माझ्याकडून पक्कड मागून घेतली होती. म्हणून मी आता रॅकून वगैरे काही म्हणत नाही. चष्मा काठावर कुणाला तरी पूर्वीच सापडला असेल आणि आता त्यांनी ठेवला असेल, असं म्हणून बघितलं. मनाला पटलं नाही.

नंबर शोधून जीनबाईंना फोन केला. त्या फारसं बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, त्यांच्या आजीची बहीण अशीच वाडगा सरळ ठेवायची, तिचा नवरा नदीत राहिला होता म्हणून. तिचं पुढे काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “शी इज अक्रॉस.”

वहिनी, हात जोडते. वाडगा पालथा घाला. नंदन एकोणीस वर्षांचा होता आणि तो आता नाही. तुम्ही आहात. तो माझाही होता, अंगाखांद्यावर खेळवला मी त्याला, पण मला आज तुम्ही हव्या आहात. ह्या देशात माझं म्हणावं असं माणूस तुमच्याशिवाय कोण आहे? नवरा, मुलं आहेत, पण त्यांना माहेर माहीत नाही, त्यांच्याशी मी त्या भाषेत रडू शकत नाही.

चार फेब्रुवारीला शनिवार आहे. ह्यांचे टाके निघतील. अनन्या गाडी काढते म्हणाली. हिमवादळ आलं तरी येणार. तोवर दारच उघडू नका त्या बाजूचं.

तुमची,
चित्रा


इन्व्हरकार्न
३० जानेवारी २०१७

चि. सौ. चित्रास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एवढी वर्षं तू माझ्या धाकात असल्यासारखी वागायचीस, आणि मनात इतकं होतं होय. आधी सांगितलं असतंस तर आणखी कामं सांगितली असती.

माझं ऐक आता. चष्मा आल्यापासून ते काही घेत नाहीत. पुरणपोळी ठेवली, खीर ठेवली, सकाळी सगळं जसंच्या तसं गोठलेलं. मग माझ्या बांगड्या ठेवल्या. तुझ्या दिरांचं साखळीचं घड्याळ ठेवलं. हात लावला नाही. आधी मला वाईट वाटलं, मग उमगलं. आपल्याकडे नाही का, कुणी भारी आहेर केला की आपल्यालाही तोलामोलाचा करावा लागतो? तिथं जुनेर देऊन भागत नाही. त्यांनी मला नंदनचा चष्मा दिला. आता माझ्या घरात त्याच्या तोलाचं काय आहे?

घरभर फिरून बघितलं. कपाटं उघडली. एवढ्या वर्षांचा संसार, पण चष्म्याच्या शेजारी ठेवावं असं काही दिसेना.

आणखी एक. परवापासून नदीवरचा बर्फ माझ्या पायरीपासून पलीकडच्या काठापर्यंत झाडलेला आहे. गावभर गुडघाभर बर्फ पडलाय आणि तेवढीच एक वाट स्वच्छ, दिवाळीला अंगण झाडतो तशी. कोण झाडतं ते दिसलं नाही. जीननं तिच्या खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. तो ग्रोसरीवाला मुलगाही आता येत नाही.

मला भीती वाटत नाही. खरंच नाही. तू मला शहाणी समजत आलीस, तशीच समज. तुम्ही येताना घाई करू नका, रस्ते निसरडे आहेत, भावजींना पायावर जोर देऊ देऊ नकोस. घराची किल्ली जीनकडे आहे.

तुझा चिराग झाला तेव्हापासून मी तुला कधी आशीर्वादाशिवाय काही पाठवलं नाही. आजही पाठवते.

तुझी,
मंदाकिनी


मिसिसागा
५ मार्च २०१७

ती. वहिनींस सा. न.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तरी मायना तोच लिहिला. दुसरा जमला नाही.

तुमचं पत्र मिळालं ते आम्ही परत आल्यावर. शनिवारी पोचलो तेव्हा घर उबदार होतं, हीटर चालू होता, गाद्या आवरलेल्या होत्या. देवांपाशी चष्मा नव्हता. नदीकडचं दार उघडं होतं. तुमचा कोट खुंटीला, बूट पायपुसण्यावर नीट जोडून ठेवलेले. पोलीस आले, कुत्रे आणले, बर्फ पार पलीकडपर्यंत तपासला. कुठं फट नाही की भोक नाही. पायाचे ठसेही नाहीत, कारण वाट झाडलेली होती. त्या भल्या माणसांनी ‘बेपत्ता’ असं लिहून घेतलं. जीनबाई त्यांच्याच पायरीवर उभ्या होत्या, तुमच्या हद्दीत पाऊल टाकलं नाही. त्यांनी काहीच लिहून दिलं नाही.

आता जे ह्यांनाही माहीत नाही ते सांगते. पोलीस दुसऱ्या बाजूला असताना मी पायरीवर गेले. वाडगा सरळ होता. आत मऊ भात होता, वर तूप, कडेला मेतकूट. वाफ येत होती, वहिनी. बाहेर उणे वीस होतं, माझ्या पापण्या चिकटत होत्या, आणि भातातून वाफ येत होती.

चिराग झाला तेव्हा आम्ही एटोबिकोत एका खोलीत राहत होतो. माझी आई पुण्यात, पत्राला महिना लागायचा. तुम्ही रोज बसनं यायचात, बर्फातनं, भाताचं पातेलं शालीत गुंडाळून. मेतकूट तुमच्याच घरचं. मला दुसरं काही जायचं नाही. तो वास मला कुठंही ओळखू येईल. तो तुमच्याच हातचा होता.

जीनबाई ओरडल्या, “टर्न इट ओव्हर, डिअर. नाऊ.” फोनवरचा तो मोजका आवाज इतका चढेल असं वाटलं नव्हतं. मागे गाडीतनं अनन्या हाका मारत होती, “आजी, लेट्स गो, इट्स फ्रीझिंग, प्लीज.” तिचा आवाज रडका झाला होता. वीस वर्षांची पोर, तिला काय कळतं, पण कळत होतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि वाडगा पालथा घातला.

भात बर्फावर पडला. तूप लगेच पांढरं झालं. जीनबाई म्हणाल्या, बरं केलंत, आणि मी गाडीत येऊन बसले.

वहिनी, मी बरं केलं नाही. जन्मभर तुमच्या हातचं खाल्लं, एक शीत टाकलं नाही, आणि तुम्ही तिकडून, कुठून कोण जाणे, काय खटाटोप करून पाठवलेलं, ते मी कुत्र्यापुढे टाकल्यासारखं बर्फावर टाकलं. महिना झाला, मला जेवण जात नाही. हे म्हणतात, डॉक्टरला दाखवू. काल अनन्यानं भात लावला तर मी उठून वॉशरूममध्ये जाऊन रडले.

आज सकाळी जीनबाईंना फोन करून विचारलं, बर्फ किती दिवस टिकेल. पडदा सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, यंदा उशिरापर्यंत टिकेल. का विचारता, असं त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी येते. अनन्याला सांगितलंय, घराच्या कागदांवर सह्या आहेत म्हणून. ती गावात कॉफी घेत बसेल, तिला मी नदीकडे आणणार नाही. हे पत्र वाडग्याखाली ठेवीन. तुम्ही दिलेलं मी घेतलं नाही, तरी तुमचं भांडं माझ्याकडून भरून परत येणं बाकी आहे, एवढं मला कळतं. पहिल्या खेपेला नुसत्या नारळाच्या वड्या आणते. तुम्हा दोघांना पुरतील एवढ्या.

पुढचं पुढे बघू.

तुमची,
चित्रा